पेंग्विन, खिडकी आणि जिन्यातला डबा

माझ्या मावशीशी वाद घालायला यायचं असेल तर पोटभर जेवून यावं. मध्येच उठून ती काही खायला देईल अशी आशा ठेवू नये. वाद सुरू झाला की ती हातात सुई घेते. शिवायचं काही नसतं, पण सुई हातात असली की तिला मुद्दे सुचतात. समोरच्याचं बोलणं चालू असेपर्यंत ती दोऱ्याचं टोक ओठांत धरून शांत बसते. मग एका झटक्यात ते सुईत ओवते आणि म्हणते, "झालं तुझं? आता ऐक."

तिचा धंदा भरतकामाचा. हातावरच्या नव्हे, मशीनवरच्या. शाळेच्या गणवेशाच्या खिशावरचं बोधचिन्ह, आचाऱ्याच्या टोपीवरचं हॉटेलचं नाव, अग्निशमन दलातल्या माणसाच्या बाहीवरची शिडी, हे सगळं हल्ली मशीनच भरतं. पण मशीनला स्वतःची अक्कल नसते. सुई नेमकी कुठे खाली जायची, टाका कुठल्या दिशेने टाकायचा, केवढा टाकायचा, दोरा कुठे तोडायचा, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर बसून कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. चित्राचे टाके करण्याच्या या कामाला धंद्यात पंचिंग म्हणतात. मावशी पंचिंग करते, आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाची टोपी बघून ती खुशाल म्हणते, "याच्या पक्ष्याची चोच उलटी भरलीय. दोन धुण्यांत उसवणार." तो माणूस दचकून टोपी काढून बघतो. मी अशा वेळी दुसऱ्या फुटपाथवर जाते.

कारखाना दोन मजल्यांचा आहे. कारखाना हा शब्द जरा मोठा झाला, पण मामाला तोच आवडतो. मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. खालच्या मजल्यावर त्याची भरतकामाची मशीनं असतात. सगळ्या सुया एका तालात चालू झाल्या की भिंतीवरचं घड्याळही हलतं. वरच्या मजल्यावर मावशी, तिचा कॉम्प्युटर आणि भिंतभर दोऱ्याची रिळं, फिक्याकडून गडदाकडे लावलेली. खालच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि मावशीच्या गुडघ्यांना जिना चालत नाही. म्हणून जिन्याच्या मधल्या पोकळीतून एक दोरी सोडलेली आहे. दोरीला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्याला घंटी. गिऱ्हाईक आपलं चित्र पेनड्राइव्हवर घेऊन वर मावशीकडे जातं. ती पंचिंग करते, तयार डिझाइन कारखान्याच्या पेनड्राइव्हमध्ये घालते, पेनड्राइव्ह डब्यात ठेवते आणि डबा खाली सोडते. मामा तो आपल्या कॉम्प्युटरला लावतो आणि मशीनं सुरू होतात. घंटी एकदा वाजली तर डिझाइन आलं. सारखी वाजत राहिली तर चहा कुठे अडलाय अशी चौकशी.

या धंद्यातला एक नियम आजोबांपासूनचा. आजोबा शिंपी होते. गिऱ्हाइकाने दिलेल्या कापडातली एकही चिंधी ते टाकायचे नाहीत. कपडा तयार झाला की उरलेले तुकडे, अगदी बोटभरसुद्धा, एकत्र बांधून कपड्याच्या घडीत ठेवायचे. "ज्याचं त्याला," एवढंच म्हणायचे. लोक त्या चिंध्यांचं काय करायचे कोण जाणे, पण आजोबांवर कापड चोरल्याचा आळ कधी आला नाही. मावशीने हा नियम कॉम्प्युटरवरही आणला. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर जे काही असेल ते सगळं ती उतरवून घेते आणि डिझाइनसोबत खाली पाठवते. मामाने काम झाल्यावर ते बघून-मोजून परत करायचं. ज्याचं त्याला.

आता मुद्द्यावर येते. मावशीचा कॉम्प्युटर विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो. त्याचं चिन्ह पेंग्विन, म्हणून घरात त्याला पेंग्विनच म्हणतात. कॉम्प्युटरवर टाकायला तिने कापडाचं आवरण शिवलंय, त्यावरही गुबगुबीत पेंग्विन भरलाय. हे सगळं सुरू झालं ते मी कॉलेजात असताना. त्याआधी तिच्याकडेही मामासारखीच विंडोज होती. एकदा व्हायरस आला आणि तिची डिझाइनं खाऊन गेला. एका फुटबॉल क्लबचा सिंह त्यात होता. त्याची आयाळ तिने महिनाभर खपून भरली होती. ती रडली नाही. क्लबकडून एक जुना शर्ट मागवून घेतला, भिंग लावून टाके मोजले आणि सिंह पुन्हा उभा केला. मग मला बोलावून म्हणाली, "असं काही आहे का, ज्याला हे रोग लागत नाहीत?"

मी नुकतंच शिकलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं. व्हायरस लिहिणारे लोक बहुतेक वेळा जिथे जास्त माणसं आहेत तिथे जातात, पेंग्विनवर कुठलाही प्रोग्राम परवानगीशिवाय सहज चालू होत नाही, अमुक आणि तमुक. "म्हणून कमी," असं मी म्हटलं होतं. "अजिबात नाही" असं म्हटलं नव्हतं. पण मावशीच्या कानाला गाळणी आहे. त्या दिवसापासून तिने जाहीर केलं, पेंग्विनला व्हायरस होतच नाही.

मामा विंडोजवाला. त्याच्या कॉम्प्युटरला मावशी खिडकी म्हणते, तेही नाक वर करून.

"खिडकीच ती. उघडी ठेवली की माश्या येणारच."

"ताई, खिडकीतून उजेडही येतो. तुझा पक्षी बर्फात बसलाय. तिथे कुणी जातच नाही, तर चोरी कशी होणार? ओसाड घराला कुलूप लावून मिरवतेस."

"ओसाड? माझी सगळी डिझाइनं त्या घरात आहेत."

"आणि माझी मशीनं कुणाशी बोलतात? खिडकीशी. तुझ्या पक्ष्याची भाषा त्यांना कळत नाही."

"गाढवाला काय कळायचं!"

"मशीनांना गाढव म्हणू नकोस."

"मशीनांना कुठे म्हटलं?"

हे दर रविवारी जेवताना चालायचं. अधूनमधून मामाचा कॉम्प्युटर खरोखरच आजारी पडायचा आणि मावशी जिन्यातून डबा खाली सोडायची. त्यात सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट असायचं.

चेष्टेचा विषय गंभीर झाला तो नवीन मशीनमुळे. मामाने एक मोठं मशीन मागवलं. ते विकणाऱ्या माणसाने सांगितलं, "सगळी डिझाइनं एकाच जागी ठेवा, मशीन तिथूनच थेट उचलेल." मावशी आपल्या डिझाइनांच्या साठ्याला पेटी म्हणते. तिचं सगळं आयुष्य त्या पेटीत आहे. तो सिंह, ती शिडी, पहिल्यांदा जमलेला गुलाब, बंद पडलेल्या बेकरीची टोपीसुद्धा. मामा म्हणाला, पेटी खाली येणार, मशीन खाली आहे.

मावशीने जेवणाचं ताट सरकवलं. "माझी पेटी आजारी कॉम्प्युटरवर? मेले तरी नाही."

"मग मशीन वर चढवू?"

"पेटी खाली गेली तर मी वर बसून काय करायचं? कबुतरं मोजू?"

तेव्हा मला कळलं की हा वाद आता पेंग्विन आणि खिडकीचा राहिलेला नाही. पेटी ज्याच्याकडे, कारखाना त्याच्याकडे. मावशीला भीती वाटत होती की एकदा डिझाइनं हातातून गेली की आपणही त्यांतलंच एक होऊन बसू. लागलं तर उघडायचं, नाहीतर पडून राहू द्यायचं. हे ती बोलली नाही. तिने फक्त सुई मागितली.

शेवटी मामानेच तोड काढली. नवीन मशीन येईपर्यंत दोन्ही कॉम्प्युटर नेहमीसारखे चालतील. तोवर ज्याचा आजारी पडेल, तो पेटीवरचा हक्क सोडेल. दोघंही धडधाकट राहिले तर पेटी खाली, कारण मशीन खाली. पंच म्हणून मी.

"इंजिनीअरबाई, निकाल नीट द्यायचा," मामा म्हणाला. "मावशीच्या बाजूने झुकायचं नाही."

"ती सत्याच्या बाजूने झुकेल," मावशी म्हणाली. "म्हणजे माझ्याच."

मामाने कंबर कसली. जन्मात कधी घेतला नव्हता तो अँटीव्हायरस विकत घेतला. तो रोज सकाळी अपडेट करणं, आठवड्याला तपासणी, सगळं अगदी औषधाच्या वेळा पाळल्यासारखं. गाणी उतरवणं बंद. कॉम्प्युटरचं इंटरनेट फक्त अँटीव्हायरसपुरतं. टेबलावर पाटी लागली: 'बाहेरच्या पेनड्राइव्हला प्रवेश नाही.' कुणी चुकून खाली पेनड्राइव्ह पुढे केला की मामा त्याला जिना दाखवायचा. "वर जा. वर पक्षी आहे, तो सगळं खातो."

मी दोनदा तपासून गेले. दोन्ही कॉम्प्युटर स्वच्छ. मावशीचा चेहरा पडायला लागला होता. नवीन मशीन वाटेवर असल्याचा निरोप आला आणि तिने दोऱ्याची रिळं उगाचच पुन्हा लावायला घेतली.

आणि मग एका दुपारी तिचा फोन. "ये लवकर! खिडकी फुटली!"

मी पोचले तर खाली सगळं शांत. मशीनं बंद. एका परिचारिका विद्यालयाच्या कोटांचं काम अर्धवट अडकलं होतं. खिशावर पणतीच्या ज्योतीचं फक्त टोक भरून झालेलं. मामा खुर्चीत. मी कॉम्प्युटर बघितला. त्याचे सगळे फोल्डर दिसत होते, पण कुठलाच उघडत नव्हता. हा प्रकार मला माहीत होता. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाची, फोल्डरसारखीच दिसणारी पिल्लं ठेवतो. पिल्लावर क्लिक केलं की रोग पुढे पसरतो. मात्र खऱ्या फोल्डरांना हात लावत नाही. मी व्हायरस काढला, लपलेलं बाहेर आणलं. मामाचं काहीही हरवलं नव्हतं.

"अँटीव्हायरसने काही सांगितलं नाही का रे, मामा?"

"आता आठवत नाही," मामा म्हणाला, आणि मशीनला तेल द्यायला उठला. मशीनला तेल सकाळीच दिलेलं होतं.

मला चैन पडेना. या कॉम्प्युटरवर बाहेरचं काहीही येत नव्हतं. इंटरनेट जवळजवळ नाही, गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह नाहीत. येतो तो फक्त डब्यातला. मी जिना चढले.

वर उत्सव होता. मावशीने पेंग्विनचं आवरण झटकून इस्त्री केलेलं. "निकाल सांग, पंच!"

"आधी तो पेनड्राइव्ह दाखव. परिचारिका विद्यालयाकडून आलेला."

तिने लावला. पडद्यावर विद्यालयाचा फोल्डर दिसला, आणि त्याच्या शेजारी त्याच नावाचं एक पिल्लू. पेंग्विनवर त्याला फोल्डरचा वेश मिळत नाही, ते उघडंबोडकं दिसतं.

"मावशी, हे काय आहे?"

"ते? असतं कधीकधी कुणाकुणाच्या पेनड्राइव्हवर. माझ्याकडे उघडत नाही. चिंधी असेल."

"आणि तू ते खाली पाठवतेस?"

"मग? गिऱ्हाइकाची चिंधी आपण ठेवायची नाही. खाली जातं सगळं. त्याच्याकडे उघडत असेल तर..." ती थांबली. तिने पडद्याकडे बघितलं, मग जिन्याकडे. सुई तिच्या हातातच होती, पण दोरा ओवायचा राहिला.

"पेंग्विनला हे लागत नाही," मी म्हटलं. "पण तो ते अडवतही नाही. जसं आलं तसं पुढे गेलं."

"पोस्टमनसारखं," मावशी हळू म्हणाली. "पत्रात काय आहे, त्याला काय त्याचं." खाली मामाने एक मशीन चालू केलं आणि बंद केलं. "म्हणजे ते गोळ्यांचं पाकीट मी पाठवत होते, आणि आजारही मीच."

"प्रत्येक वेळी नसेल. मामाने उतरवलेली गाणीही होती."

"या वेळी गाणी नव्हती."

खरं सांगायचं तर पैजेच्या शब्दांनुसार ती जिंकली होती. आजारी पडला होता मामाचा कॉम्प्युटर. मी तोंड मिटून निकाल दिला असता तर पेटी वर राहिली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. मावशीलाही हे कळत होतं. मी हे सांगते, कारण पुढे तिने जे केलं ते तिला पर्याय नव्हता म्हणून केलं नाही.

तिने पेनड्राइव्ह काढला, मुठीत धरला आणि जिना उतरायला लागली. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. डबा तिथेच लटकत होता, पण तिला तो आठवलाही नाही. मामाने तिला खाली येताना बघितलं आणि तो उभाच राहिला. ताई खाली येते ती फक्त कुणी आजारी असलं तर.

"हरले मी," मावशी म्हणाली. आवाज नेहमीचाच, खणखणीत. "रोग माझ्या डब्यातून आला. पक्ष्याला झाला नाही, पण त्याने आणला. पेटी तुझी."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो हसेल, नाचेल, सगळ्या रविवारांचं उट्टं काढेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तू नाही हरलीस."

"मी काय सांगतेय ते ऐकू येत नाही का? मशीन बंद आहे आता."

"लाल चौकट आली होती, ताई."

"कसली?"

"अँटीव्हायरसची. मी पेनड्राइव्ह लावला तेव्हा. धोका आहे, थांबवू का, म्हणून विचारलं त्याने."

"मग?" मी विचारलं.

मामाने चष्मा काढून पुसला. "मी म्हटलं, चालू दे. ताईकडून आलाय. ताईकडून आलं म्हणजे स्वच्छच असणार."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुला पटत होतं?"

"काय?"

"पेंग्विनचं! इतकी वर्षं माझ्याशी भांडत होतास, आणि आतून तुला पटत होतं?"

"पेंग्विनचं नाही गं," मामा चिडून म्हणाला. "तुझं."

मावशीने मुठीतला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"तरी मीच हरले. पाठवलं मी."

"उघडलं मी. हरलो मी."

"मोठी मी आहे. मी म्हणते मी हरले."

"सगळ्यात मोठेपणा! हरण्यातसुद्धा?"

हरण्यावरून भांडणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. शेवटी मला टेबलावर हात आपटावा लागला. पंच मी होते, आणि इंजिनीअर असल्याचा फायदा आयुष्यात एकदा तरी घ्यायचाच होता. म्हटलं, ऐका. पेटी वर राहील, कारण डिझाइनं तिथे जन्माला येतात. तिची पुरी नक्कल रोज संध्याकाळी खाली जाईल, म्हणजे मशीनला हवं ते हाताशी मिळेल आणि एक जागा बुडाली तरी दुसरी तरेल. डब्यातून खाली जाईल ते फक्त टाक्यांचं डिझाइन. गिऱ्हाइकाच्या चिंध्या खाली जाणार नाहीत. त्या वरच्या वर, त्याच्याच पेनड्राइव्हवर परत. आणि लाल चौकट आली की पेनड्राइव्ह सख्ख्या आईकडून आला असला तरी थांबायचं.

"ज्याचं त्याला," मावशी म्हणाली. तिला हे एकदम पटलं. आजोबांचा नियम मोडला नव्हता, फक्त जिन्याच्या वरच थांबला होता.

परिचारिकांच्या कोटांवरची ज्योत दुसऱ्या दिवशी पुरी झाली. विद्यालयाची बाई पेनड्राइव्ह न्यायला आली तेव्हा मावशीने तिला वर बसवून सविस्तर समजावलं की तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आजारी आहे, त्याला औषध करा. आता ती हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, न विचारता. पेनड्राइव्ह हातात घेताना ती नाडी बघितल्यासारखा चेहरा करते. आधीपेक्षा जास्त ठासून बोलते ते वेगळंच. "माझ्या पेंग्विनला रोग होत नाही, आणि आता तो कुणाला देतही नाही." मी कोपऱ्यातून "होतो कमी" म्हणते. गाळणी आपलं काम करते.

नवीन मशीन आलं. पहिलं डिझाइन कुठलं भरायचं यावर मामाचं म्हणणं होतं, सिंह. मावशीचं आधीच ठरलेलं होतं. डबा खाली आला, घंटी एकदा वाजली. मामाने पेनड्राइव्ह लावला. कुठलीही चौकट आली नाही. मशीन सुरू झालं, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी एक चौकोन उमटला, मग त्याला झडपा, मग झडपांवर निळ्या दोऱ्याची बारीक नक्षी, शेवटी मधोमध पितळी रंगाची कडी. बंद खिडकी. मामाच्या कॉम्प्युटरसाठी आवरण, पेंग्विनच्या मापाचंच.

मामाने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. टाके मागूनही स्वच्छ होते. तो जिन्यापाशी गेला आणि बाकीची मशीनं चालू असतानाच वर ओरडला, "ताई! कडी बाहेरून लावलीस! खिडकीला कडी आतून असते!"

मी जिन्यात चार पायऱ्या चढून बघितलं. मावशी खुर्चीत सावरून बसली होती. हातात सुई होती आणि दोऱ्याचं टोक ओठांत.